घर स्वस्त, तरी परवडत नाही : नेब्रास्कातल्या लेक्झिंग्टनचा हिशेब

अमेरिकेतल्या छोट्या गावांबद्दल दोन समजुती घट्ट आहेत. एक, तिथली माणसं संपत चालली आहेत. दोन, तिथे घर कवडीमोलाने मिळतं. नेब्रास्का राज्यातलं लेक्झिंग्टन दोन्ही समजुतींना छेद देतं. इंटरस्टेट ८० महामार्ग, युनियन पॅसिफिकचा लोहमार्ग आणि प्लॅट नदी यांच्या सोबतीने वसलेलं हे डॉसन काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुख्य ठिकाण. वस्ती जेमतेम अकरा हजार. १९९० नंतर इथली लोकसंख्या वाढली, घरांचे भाव मोठ्या शहरांच्या मानाने कमीच राहिले आणि तरीही घर मिळणं वर्षानुवर्षं अवघड होतं. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये गावातला मोठा मांस कारखाना बंद होणार अशी बातमी आली आणि प्रश्नच उलटा झाला.

१९८० च्या दशकात अमेरिकेतला शेतकरी कर्जाने पिचला होता. पीक कापणीची कम्बाइन यंत्रं बनवणारा स्पेरी न्यू हॉलंडचा लेक्झिंग्टनमधला कारखाना त्याच काळात बंद पडला. ती रिकामी इमारत आयबीपी या मांस कंपनीने घेतली आणि १९९० च्या अखेरीस तिथे गुरांची कत्तल आणि मांस कापणी सुरू झाली. त्या वर्षी गावाची लोकसंख्या ६,६०० च्या आसपास होती. २००० च्या जनगणनेत ती १०,०११ झाली. दहा वर्षांत दीडपट! त्यानंतर मात्र वेग थंडावला : २०१० मध्ये १०,२३०, २०२० मध्ये १०,३४८. दरम्यान २००१ मध्ये टायसन फूड्सने आयबीपी विकत घेतली.

एवढा मोठा प्लँट एवढ्याशा गावात का? पूर्वी जिवंत गुरं रेल्वेने शिकागो, ओमाहा अशा शहरांत नेऊन तिथे कापली जात. १९६० च्या दशकात आयबीपीने हा क्रम उलटवला. गुरं पोसली जातात तिथेच ती कापायची आणि हाडं-चरबी काढून मांस खोक्यांत भरून पाठवायचं. वाहतुकीचा खर्च वाचला. एकच काप दिवसभर मारायचा असल्याने मुरलेल्या खाटकांची गरज उरली नाही, आणि शहरातल्या कामगार संघटना व त्यांचे पगारही मागे पडले. पण लहान गावात पुरेसे कामगार कुठून येणार? ते बाहेरून आणावे लागले. आधी मेक्सिको आणि ग्वाटेमालाची कुटुंबं आली, २००० नंतर सोमाली आले, अलीकडे क्यूबन. २०१० पर्यंत गावातली निम्म्याहून जास्त वस्ती हिस्पॅनिक झाली होती. साखर कारखान्यामागे वाढलेल्या गावातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही : एका मालकाच्या भरतीवर गावाची लोकसंख्या ठरते.

देशाचं चित्र याच्या नेमकं उलट आहे. २०१० ते २०२० या दशकात महानगरी क्षेत्राबाहेरच्या अमेरिकेची एकूण लोकसंख्या घटली, आणि दशकभराची अशी घट इतिहासात पहिल्यांदाच नोंदली गेली. तरुण शिकायला बाहेर जातात, परत येत नाहीत. मागे उरलेल्यांत जन्मांपेक्षा मृत्यू जास्त. लेक्झिंग्टनमध्ये मात्र विशी-तिशीतली जोडपी आली, त्यांना मुलं झाली, शाळा भरल्या.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. घरांची गरज डोक्यांवर ठरत नाही, चुलींवर ठरते. समजा एखाद्या गावात १,००० माणसं आहेत आणि एका घरात सरासरी ३.२ माणसं राहतात. तर ३१२ घरं पुरतात. पुढे लोकसंख्या ९०० वर आली, पण मुलं बाहेर गेल्यामुळे आणि एकट्या म्हाताऱ्यांची घरं वाढल्यामुळे सरासरी २.२ झाली, तर ४०९ घरं लागतात. माणसं दहा टक्क्यांनी घटली, घरांची गरज तीस टक्क्यांनी वाढली. म्हणून ओसरत्या गावातही ‘भाड्याने घर मिळत नाही’ ही तक्रार खरी असते. लेक्झिंग्टनची अडचण दुसऱ्या टोकाची होती : मोठी कुटुंबं, आणि घरं मात्र दोन खोल्यांची. जनगणना खात्याच्या व्याख्येत एका खोलीमागे एकापेक्षा जास्त माणूस आला की ती गर्दी, दीडहून जास्त आला की तीव्र गर्दी. न्हाणीघर मोजत नाहीत, वेगळं स्वयंपाकघर मोजतात. चार खोल्यांत सहा माणसं म्हणजे बरोबर दीड, तीव्र गर्दीच्या उंबरठ्यावर.

आकडे वाचताना कुठे फसगत होते

छोट्या गावाचा कुठलाही लेख ‘घराची मध्यम किंमत इतकी, भाडं इतकं’ असं ठोकून देतो. ते आकडे बहुतेक वेळा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या पाहणीतून येतात. ही पाहणी दरवर्षी देशभरातल्या सुमारे ३५ लाख पत्त्यांवर प्रश्नावली पाठवते. ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी एका वर्षात पुरेशी उत्तरं जमत नाहीत, म्हणून पाच वर्षांची एकत्र करून आकडा दिला जातो. त्यामुळे लेक्झिंग्टनचा ‘ताजा’ आकडा मुळातच काही वर्षं शिळा असतो. कर्जाचा दर तीन टक्क्यांखाली होता ती वर्षं आणि तो सातच्या वर गेला ती वर्षं एकाच सरासरीत घोटली जातात.

आणखी एक खाच म्हणजे घराची किंमत या पाहणीत मालक स्वतः सांगतो. ‘आज विकलं तर किती येतील असं तुम्हाला वाटतं?’ असा तो प्रश्न असतो. वीस वर्षं घर न विकलेल्या माणसाचा अंदाज आणि बाजारभाव यांत बरंच अंतर असू शकतं.

मग येते चूक-मर्यादा, म्हणजे खरा आकडा दिलेल्या आकड्याच्या वर-खाली किती असू शकतो याचा अंदाज. समजा भाडं ९०० डॉलर, अधिक-उणे १२० असं लिहिलं आहे आणि आधीच्या पाच वर्षांच्या संचात ८५० अधिक-उणे ११० होतं. भाडं ५० डॉलरनी वाढलं का? दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा : सुमारे १६३ येतं. फरक ५० चा. म्हणजे वाढलं असं म्हणताच येत नाही. छोट्या गावांवरचे बरेच मथळे या एका परीक्षेत नापास होतील.

रिकाम्या घरांचा आकडा तर सर्वांत फसवा. ‘आठ टक्के घरं रिकामी’ म्हटलं की टंचाई नाही असं वाटतं. पण त्यात विकलेली पण अजून ताबा न घेतलेली घरं येतात, सुट्टीपुरती उघडणारी येतात, आणि ‘इतर’ नावाच्या रकान्यात वारसांच्या भांडणात अडकलेली, छप्पर खचलेली, कुणीच न विचारणारी घरं येतात. उद्या सामान घेऊन राहायला जाता येईल अशी घरं मोजायची तर ‘भाड्यासाठी उपलब्ध’ आणि ‘विक्रीसाठी उपलब्ध’ हे दोनच रकाने बघायचे.

गाव जितकं लहान, तितका आकड्यांचा गोंधळ मोठा. याच राज्यात मोनोवी नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे दोन माणसं दाखवली, राहत होती एकच बाई. कुणाची खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून खातं लहान आकड्यांत मुद्दाम थोडी ढवळाढवळ करतं, त्याचा हा परिणाम. अकरा हजारांच्या गावात एकूण आकड्याला त्याने फरक पडत नाही, पण एखाद्या गल्लीतल्या एखाद्या समाजाची संख्या वाचताना पडतो. शिवाय स्थलांतरितांच्या वस्तीत एका घरात दोन कुटुंबं असतील तर दुसरं कुटुंब जनगणनेच्या अर्जावर नाव द्यायला कचरतं.

म्हणून जाणकार माणूस गावातल्याच नोंदी बघतो. शाळेचा पट, नगरपालिकेच्या नळजोडण्या, आणि काउंटी असेसरच्या, म्हणजे करासाठी घरांचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, दफ्तरातले विक्रीव्यवहार. नेब्रास्कात घर विकलं की ‘फॉर्म ५२१’ भरून खरी किंमत जाहीर करावीच लागते आणि असेसरच्या नोंदी कुणालाही पाहता येतात. मालकाच्या अंदाजापेक्षा हा आकडा केव्हाही भरवशाचा.

हप्ता कसा बनतो

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत. जुन्या घराची किंमत १,८०,००० डॉलर. घेणाऱ्याकडे फार पैसे नाहीत, म्हणून एफएचए, म्हणजे सरकारी विम्याचं कर्ज : हप्ते बुडाले तर बँकेची भरपाई त्या विम्यातून होते. हातचे ३.५ टक्के, म्हणजे ६,३०० डॉलर भरले. उरले १,७३,७००. त्यावर १.७५ टक्के विमा सुरुवातीलाच कर्जात मिसळतो, म्हणून कर्ज सुमारे १,७६,७४०. साडेसहा टक्के दराने ३० वर्षांचा हप्ता १,११७ डॉलर. दरमहा विम्याचा दुसरा तुकडा ८०. मालमत्ता कर दीड टक्का धरला तर महिन्याला २२५. घरविमा ३००, कारण नेब्रास्कात गारपीट इतकी होते की इथला घरविमा देशातल्या महागड्या विम्यांत मोडतो. बेरीज १,७२२ डॉलर.

घरखर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा असं अमेरिकी सरकारी मोजमाप सांगतं. त्यापुढे तो ‘बोजा’, ५० च्या पुढे ‘तीव्र बोजा’. १,७२२ डॉलर तीस टक्क्यांत बसवायचे तर वर्षाला सुमारे ६९,००० डॉलर मिळवायला हवेत. तासाला २२ डॉलर मिळवणारा कामगार पूर्ण वर्ष राबला तर ४५,७६० डॉलर कमावतो. म्हणजे घरातली दोन माणसं लाइनवर उभी असतील तरच हे ‘स्वस्त’ घर परवडतं, आणि एकीला बाळ झालं किंवा एकाचं मनगट गेलं की हिशेब कोसळतो. मनगट जाणं या धंद्यात नवलाचं नाही.

हाच हप्ता तीन टक्के दराने ७४५ डॉलर झाला असता. जानेवारी २०२१ मध्ये ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ वर गेला. स्वस्त दराचं कर्ज हातात असलेला मालक घर विकून महागडं कर्ज का घेईल? तो बसून राहतो. वयस्क माणसंही चार खोल्यांच्या घरात बसून राहतात, कारण गावात दोन खोल्यांचं चांगलं घर किंवा लिफ्ट असलेला फ्लॅटच नसतो. साखळी तिथेच अडते.

कमी पैशांत घर म्हणून ट्रेलर, म्हणजे कारखान्यात बनवून आणलेलं घर, हा पर्याय दिसतो. त्यात मेख अशी : घर तुमचं, जागा दुसऱ्याची. घराची नोंद गाडीसारखी होते, कर्ज कमी मुदतीचं आणि चढ्या व्याजाचं मिळतं, आणि जागामालकाने जागाभाडं वाढवलं तर घर हलवायचा खर्चच काही हजार डॉलर. १५ जून १९७६ पूर्वी बनलेल्या ट्रेलरवर तर बहुतेक सरकारी कर्जयोजना लागूच होत नाहीत, कारण घरांच्या सुरक्षिततेचे केंद्रीय नियम त्या दिवसापासून सुरू झाले.

ग्रामीण भागासाठी कृषी खात्याची स्वतःची गृहकर्जं आहेत, हे बऱ्याच अमेरिकनांनाही माहीत नसतं. महानगरी क्षेत्राबाहेरची २०,००० वस्तीपर्यंतची गावं अटींसह त्यात बसतात. हमी कर्जात (पैसे बँकेचे, हमी खात्याची) हातचे पैसे लागत नाहीत, उत्पन्न मात्र परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत हवं. थेट कर्जात (पैसे खात्याचेच) गरीब कुटुंबाला अनुदानासह व्याज एक टक्क्यापर्यंत उतरतं, मुदत ३३ वर्षं. अडतं ते घराच्या अवस्थेपाशी. १९७८ पूर्वीच्या घरावरचा सोलवटलेला रंग शिशाचा धरला जातो, गळकं छप्पर, जुनं वायरिंग, मातीच्या नळाची सांडपाण्याची वाहिनी यातलं काहीही निघालं की आधी दुरुस्ती करा म्हणतात. विकणाऱ्यासमोर दुसरा गिऱ्हाईक रोख घेऊन उभा असतो. तो थांबत नाही. नेब्रास्कात तळघर असलेलं घर घेताना रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची तपासणीही टाळू नये. हवेच्या दर लिटरमागे ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) किंवा त्याहून जास्त आकडा आला की पंखा आणि नळी बसवून तो वायू बाहेर काढावा असा सल्ला आहे.

प्रशिक्षणासाठी जे-१ व्हिसावर गेलेल्या डॉक्टरांना नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. मराठी घरांतले काही डॉक्टर त्या अटीतून सवलत घेऊन अशा गावांत तीन वर्षं सेवा करतात. कॉनराड ३० या योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला तशा ३० जागा मिळतात. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की मे २०२५ अखेरपासून ग्रीन कार्ड नसलेल्या तात्पुरत्या रहिवाशांना एफएचए कर्ज बंद झालं आहे. साधं बँक कर्ज घ्यावं लागतं, किंवा भाडं. भाड्यासाठी नेब्रास्कात अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. पाळीव प्राणी असेल तर त्यावर पाव महिना.

मग नवी घरं बांधत का नाहीत?

टंचाई आहे तर बिल्डर का येत नाही, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर मूल्यांकनात आहे. १,४०० चौरस फुटांचं साधं घर चौरस फुटाला २०० डॉलरने बांधलं तर २,८०,०००. जागा, रस्ता, पाणी, गटार यांचे ४०,००० धरा. झाले ३,२०,०००. आता बँकेने पाठवलेला मूल्यांकन करणारा येतो. तो आसपासच्या किमान तीन ताज्या विक्रींशी तुलना करतो. गावात विकली गेलेली घरं साठ-सत्तर वर्षं जुनी, स्वस्त. नवी घरं बांधलीच गेली नाहीत म्हणून नव्याची तुलनाच नाही. तो कागदावर २,४०,००० लिहितो. बँक खर्च आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा धरते. त्याच्या ९५ टक्के, म्हणजे २,२८,००० कर्ज मिळतं. उरलेले ९२,००० डॉलर घेणाऱ्याने रोख आणायचे. प्लँटवर काम करणारं कुटुंब ते कुठून आणणार?

त्यात प्लंबर, इलेक्ट्रिशियन मोजके; अनेकदा पस्तीस मैलांवरच्या कार्नीहून येतात आणि येण्याजाण्याचे पैसे लावतात. शहरात बिल्डर एका वेळी चाळीस घरं काढतो, इथे दोन. दोघांनाही यंत्रं तीच आणावी लागतात.

ही दरी बुजवायला नेब्रास्काने काही मार्ग काढले. २०१७ च्या ग्रामीण कामगार गृहनिर्माण कायद्याने राज्याचा निधी स्थानिक ना-नफा संस्थांना मिळतो, अट अशी की गावानेही आपला वाटा घालावा. घर विकलं की पैसा परत निधीत येतो आणि पुढच्या घराला लागतो. दुसरा मार्ग वाढीव कराचा : रिकाम्या जमिनीवर घर झालं की कर वाढतो, ती वाढ साधारण १५ वर्षं रस्ते-गटारांचं कर्ज फेडायला वळवतात. जमिनीचा मूळ कर शाळेला मिळत राहतो. योजना चांगली आहे, फक्त तिच्यामागे एक गृहीत आहे : पंधरा वर्षं त्या घरात कुणीतरी कमावतं माणूस राहील.

प्लँट बंद होतो तेव्हा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी टायसनने जाहीर केलं की लेक्झिंग्टनचा प्लँट जानेवारी २०२६ मध्ये बंद होणार. सुमारे ३,२०० नोकऱ्या. टेक्सासमधल्या अमारिलोच्या प्लँटमध्येही एकच पाळी ठेवायचं ठरलं. कारण कापायला गुरंच पुरेशी नव्हती : वर्षानुवर्षांचा दुष्काळ आणि महागडा चारा यांमुळे शेतकऱ्यांनी गायी विकल्या, आणि १ जानेवारी २०२५ ला देशातली गुरं ८ कोटी ६७ लाखांवर आली होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी. मोठी कंपनी टाळं लावताना केंद्रीय कायद्याने ६० दिवस आधी सांगावं लागतं. कामगाराला तेवढाच वेळ मिळतो.

वर घेतलेलं उदाहरण पुढे नेऊ. दोन वर्षं इमानाने हप्ते भरले. पहिल्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजात जातो, त्यामुळे १,७६,७४० चं कर्ज उतरून फक्त १,७२,६५० च्या आसपास आलं. नोकरी गेली, घर विकायचं आहे. किंमत एक डॉलरनेही पडली नाही असं धरलं तरी एजंटची दलाली आणि खर्च सहा टक्के, हातात १,६९,२००. कर्ज फिटायला साडेतीन हजार कमी. किंमत दहा टक्क्यांनी उतरली तर तूट वीस हजारांवर जाते. भाडेकरू गाडीत सामान टाकून दुसऱ्या गावच्या प्लँटला जाऊ शकतो. घर घेतलेला अडकतो. लेक्झिंग्टनमध्ये पहिल्या पिढीने घाम गाळून नेमकी घरंच घेतली होती.

अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे हप्ता चुकल्यावर बँकेची पत्रं न उघडणं. एफएचए आणि कृषी खात्याच्या कर्जांत थकबाकी मागे ढकलण्याच्या तरतुदी आहेत, पण त्या मागाव्या लागतात. नेब्रास्कातला बेकारभत्ता जास्तीत जास्त २६ आठवड्यांचा. पहिल्याच आठवड्यात बँकेला फोन केला तर त्या मुदतीत काही जमतं.

दुसरा फटका उशिरा येतो. घाईने विकलेली दहा-बारा घरं हीच पुढच्या मूल्यांकनाची तुलना बनतात, आणि बांधकाम खर्च तसाच असल्याने नव्या घरापुढची दरी आणखी रुंदावते. मालमत्ता कर मात्र लगेच उतरत नाही. काउंटी १ जानेवारीचं मूल्य धरते, तेही मागच्या दोन वर्षांतल्या विक्रींवरून. २०२६ चा कर भरायचा २०२७ मध्ये, अर्धा १ मेच्या आत आणि अर्धा १ सप्टेंबरच्या आत. प्लँट चालू असतानाच्या भावावर आकारलेला कर प्लँट बंद झाल्यावर भरावा लागतो. ज्याला मूल्य जास्त वाटतं त्याने १ ते ३० जूनच्या दरम्यान काउंटी क्लार्ककडे लेखी हरकत घ्यायची. सोबत शेजारच्या दोन-तीन ताज्या विक्रींचे असेसरच्या नोंदीतले आकडे जोडायचे; ते नसतील तर हरकतीला फारसा अर्थ उरत नाही.